आजारी माणसाच्या उशाशी बसून देवाचा न्याय सांगू नका

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची मीटिंग आहे आणि विषय एकच, गेल्या वर्षी तीन दिवसांच्या आशीर्वाद सभेला बाहेरून जे उपदेशक आले होते त्यांना यंदा परत बोलवायचं की नाही. बरेच जण हो म्हणतायत. मी नाही म्हणणार आहे, आणि मीटिंगमधे एकेकाला दोन मिनिटं मिळतात, त्यात माझं निम्मंसुद्धा होणार नाही म्हणून आधीच सगळं लिहून काढतोय. जरा लांबेल.

माझी आत्या नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात एकटी राहते. वय 61, शुगर गेली चौदा वर्षं, त्यातली शेवटची सहा इन्सुलिनवर. घरात फ्रिज नाही. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला शिकवलं होतं तसं ती इन्सुलिनची बाटली एका डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवायची, ते मडकं एका मोठ्या मडक्यात, आणि दोन्हीच्या मधे वाळू, आणि त्या वाळूवर रोज सकाळ संध्याकाळ तांब्याने थोडं थोडं पाणी. उन्हाळ्यात तीनदा. शेतात जायच्या आधी भाकऱ्या, देवाचं वाचन, मडक्याला पाणी, हा तिचा क्रम होता आणि तो कधी चुकायचा नाही, पाहुणे आले तरी आधी मडकं मग चहा.

सभेच्या तिसऱ्या दिवशी त्या उपदेशकांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. आत्या गेली. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि मग माईकवरच तिला विचारलं, विश्वास आहे का? ती म्हणाली आहे. मग सुई कशाला, असं ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले की या घरात कुठलं तरी लपलेलं पाप आहे, त्याचा हा शाप आहे, ते कबूल कर आणि विश्वासाचं बी पेर, म्हणजे दान दे, मग बघ. आत्याने कानातली फुलं काढून पिशवीत टाकली. तेल लावलेला एक पांढरा रुमाल तिला मिळाला, तो तिने उशीखाली ठेवला. आणि सुई बंद केली.

मला हे काहीच माहीत नव्हतं. पाच आठवड्यांनी मी गेलो तर आधी माझं लक्ष मडक्याकडे गेलं. वाळू कोरडी ठणठणीत होती, कडेला भेग पडलेली. मग घरात वास येतोय असं वाटलं म्हणून पाय बघितला. चप्पलचा खिळा वर आला होता आणि तो किती दिवस टोचत होता हे तिला कळलंच नव्हतं, शुगरमुळे तळपायाची जाणीव कधीच गेली होती. शहरातल्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले अजून आठवडा गेला असता तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं.

बोटं गेली त्याचं दुःख आहेच. पण मला झोपू देत नाही ते नंतरचं. एक मामी मला वऱ्हांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, तिचा विश्वास कमी पडला असेल रे. म्हणजे आजार आला तो पापामुळे आणि बरी झाली नाही ती विश्वास नसल्यामुळे, दोन्हीकडून दोष तिचाच. आणि आत्याने ते मानलं. घरी आल्यापासून ती उपासनेला जाते पण शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसते, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी आणि द्राक्षारसाची वेळ आली की मान खाली घालते, पुढे जात नाही. एकदा रात्री मला म्हणाली, मी काय केलं असेल रे? आठवतच नाही.

तर माझं म्हणणं हे आहे. मी देवावर, प्रार्थनेवर, न्यायाच्या दिवसावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, मला यातलं काहीही खोटं ठरवायचं नाहीये. प्रार्थनेने माणसं उभी राहताना मी बघितलीयेत. पण दुसऱ्याच्या शरीराकडे आणि बँकेच्या पासबुकाकडे बघून हा आशीर्वादित आणि हा शापित असा निकाल द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, तर दिलेला नाही. उलट जिथे जिथे कोणी असा निकाल दिलाय तिथे तिथे शास्त्राने त्याला उघडं पाडलंय.

न्यायाबद्दलच बोलायचं तर मत्तय 25 घ्या. शेवटचा न्याय, सिंहासन, सगळी राष्ट्रं समोर, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे. हा उतारा आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की त्यात आजारी माणूस कुठे उभा आहे याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. तो आरोपीच्या पिंजऱ्यात नाहीये. न्यायाधीश म्हणतो मी भुकेला होतो, मी तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. आजारी होतो, मी! म्हणजे ज्या खाटेजवळ उभं राहून आपण पाप शोधतोय त्या खाटेवर कोण आहे ते तो स्वतः सांगतोय, आणि प्रश्न आजाऱ्याला नाही विचारला जाणार, समाचाराला कोण आलं आणि कोण नाही हे आपल्याला विचारलं जाणार आहे. हा उतारा मनापासून वाचलेला माणूस माईकवरून एका म्हातारीला तुझ्या घरात काय पाप आहे असं कसं विचारू शकतो मला खरंच कळत नाही.

ईयोबाचं तसंच. नीतिमान माणूस, पण लेकरं, संपत्ती, तब्येत सगळं गेलेलं. त्याचे तिघं मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर. आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर अध्यायामागून अध्याय एकच, तू काहीतरी केलं असशील, देव उगाच कुणाला असं करत नाही, कबूल कर. ऐकायला किती धार्मिक वाटतं. आणि शेवटी 42 व्या अध्यायात देवाचा राग कुणावर पेटतो? ईयोबावर नाही, या मित्रांवर, आणि म्हणतो माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारेच देवाविषयी खोटं बोलले आणि ज्या माणसाने ओरडून ओरडून देवाला जाब विचारला तो खरं बोलला. आणि वरून त्या मित्रांसाठी ईयोबाने प्रार्थना करायची, मग त्यांची सुटका.

1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबरची पहाट, चारच्या सुमारास. माझे वडील चर्चच्या लोकांबरोबर मदतीला गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, माणसं झोपेतच गाडली गेली, हजारोंनी. वडील सांगायचे की तिथेच त्यांच्याबरोबरच्या एकाने म्हटलं, देवाने न्याय केला. वडिलांनी काही वाद घातला नाही, संध्याकाळच्या प्रार्थनेत लूक 13 काढून वाचला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, येशू विचारतो, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, मी सांगतो, नाही. वडील म्हणायचे त्या "नाही" वर मी थांबलो आणि पुढे वाचवेना. मला वाटतं आपल्या सगळ्यांनी तिथे एकदा थांबायला पाहिजे. कारण येशू तिथून लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो तुम्ही पश्चात्ताप करा. न्यायाचं बोट मेलेल्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे. पूर्ण शास्त्रात ते बोट तसंच फिरताना दिसतं आणि आपण मात्र प्रत्येक वेळी ते दुसऱ्याकडे वळवतो.

आणि चिन्हं बघून निकाल देणाऱ्यांचं काय होतं ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आहे. येशूचा प्रेषित पौल बोट फुटून माल्टा बेटावर पोचलेला, शेकोटीत काटक्या टाकताना हाताला साप डसतो. बेटावरचे लोक लगेच म्हणतात हा खुनी असणार, समुद्रातून वाचला पण न्यायदेवता सोडत नाही. थोडा वेळ वाट बघतात, तो सुजत नाही, मरत नाही, मग म्हणतात हा देव आहे. दोन्ही वेळेला चूक. पौल खुनी पण नव्हता आणि देव पण नव्हता, थंडीत काटक्या गोळा करणारा एक कैदी होता.

आता कोणी म्हणेल की हे ठीक आहे पण आशीर्वाद तर शास्त्रात आहे ना, अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 28 वा अध्याय आहे, मलाखी 3 आहे. आहे, मी कुठे नाही म्हणतोय. मलाखी 3:10 तर आमच्या सभेत तिन्ही दिवस वाचलं, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या भांडारात आणा, माझी प्रचीती बघा, मी आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओततो की नाही. स्क्रीनवर क्यूआर कोड होता. पण त्याच अध्यायात पाच ओळी वर जा. 3:5. देव म्हणतो मी न्यायासाठी तुमच्याजवळ येईन आणि तत्परतेने साक्ष देईन, कुणाविरुद्ध? जादूगार, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे, आणि मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला पिळणारे, परक्याचा हक्क मारणारे. दहावं वचन वाचायचं आणि पाचवं सोडायचं, असं कसं चालेल? आणि ते भांडार तरी कशासाठी होतं? अनुवाद 14 च्या शेवटी स्पष्ट लिहिलंय, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावात साठवायचा, आणि लेवी (देवाच्या सेवेतले, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परका, अनाथ आणि विधवा यांनी यावं आणि पोटभर खावं, म्हणजे परमेश्वर तुझ्या हाताच्या कामाला आशीर्वाद देईल. खिडकी उघडते ती विधवेचं पोट भरल्यावर. आमच्याकडे विधवेच्या कानातली फुलं भांडारात गेली, भांडारातून तिच्याकडे काय आलं? एक रुमाल.

मंडळीचा हिशोब मी दोन वर्षं बघितलेला आहे म्हणून बोलतोय. त्या तीन दिवसांच्या सभेच्या मंडपाला, साउंडला आणि पाहुण्यांच्या गाडीला जे गेलं ते वर्षभराच्या आजारी आणि गरजू मदतीच्या आकड्यापेक्षा जास्त होतं. कुणी खाल्ले असं माझं म्हणणं नाही. सगळं पावत्यांसकट आहे. आपण काय महत्त्वाचं मानतो ते त्या पावत्यांमधे दिसतं एवढंच.

अनुवाद 28 चं पण सांगतो. तू डोकं होशील, शेपूट नाही, हे वचन कॅलेंडरवर असतं. आशीर्वादाची 14 वचनं आणि त्यानंतर 15 पासून 68 पर्यंत शाप, आणि हे सगळं एका अख्ख्या लोकांना उद्देशून आहे की तुम्ही समाज म्हणून कसे वागाल. त्यातलं एक वचन तोडून एकट्या माणसाच्या पगारवाढीला किंवा आजाराला चिकटवायचं हा अन्याय आहे. यिर्मया 29:11 तर मगवर, मोबाईलच्या कव्हरवर सगळीकडे आहे, तुमच्या हिताचे संकल्प वगैरे, पण त्याच्या आधीच्या वचनात काय आहे? बाबेलात बंदिवासाची सत्तर वर्षं. ज्यांना ते पत्र लिहिलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. आणि त्यांना सांगितलं होतं की तिथे घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. देवाच्या आशीर्वादाची मुदत आपल्या ईएमआयच्या मुदतीशी जुळतेच असं नाही, आणि ते पहिल्यांदा अब्राहामाला सांगितलं तेव्हाच त्याची दिशा ठरलीये, मी तुला आशीर्वाद देईन आणि तू आशीर्वाद हो. तुझ्यातून सगळी कुळं. तुझ्यापाशी येऊन थांबणारा आशीर्वाद त्या पुस्तकात मला तरी सापडला नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलंय ते सांगतो. आपल्यातले बरेच जण कुठून आलो हे आपल्याला माहितीये. माझे पणजोबा महारवाड्यातले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं, आणि का नव्हतं याचं उत्तर त्यांना पिढ्यान्पिढ्या एकच मिळायचं, मागच्या जन्मीचं पाप. तुझी गरिबी, तुझा रोग, तुझी जात, सगळं तूच कधीतरी केलेलं आणि तुला आठवत नाही. नगर भागात मिशनचं काम 1831 पासूनचं, आणि आमच्या घरात पणजोबांची जी गोष्ट सांगतात ती अशी की त्यांनी पहिल्यांदा योहानाचा नववा अध्याय ऐकला, जन्मापासून आंधळा माणूस, शिष्य विचारतात गुरुजी कुणी पाप केलं, याने की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो यानेही नाही आणि याच्या आईबापानेही नाही. पणजोबा म्हणे त्या वाचणाऱ्याला म्हणाले, परत वाचा. तीनदा वाचायला लावलं. ज्या माणसाला जन्मभर सांगितलं गेलं की तुझं दुःख हीच तुझ्या पापाची साक्ष, त्याला पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, नाही. आमचं घर त्या एका "नाही" वर उभं आहे.

आणि आज चार पिढ्यांनी त्याच घरातल्या एका बाईला, त्याच येशूच्या नावाने सांगितलं जातं की तुझ्या आजाराच्या मागे तुला न आठवणारं पाप आहे. तेच जोखड आहे हो. फक्त मागच्या जन्माऐवजी लपलेलं पाप आणि पिढीजात शाप असं नाव बदललंय. आत्याचं "मी काय केलं असेल रे, आठवतच नाही" हे वाक्य माझ्या पणजोबांनीही कधीतरी म्हटलं असणार. आपण जिथून सुटून आलो तिथेच आपल्याला परत नेऊन बांधतायत आणि आपण त्यांना हार घालून परत बोलवतोय.

मला हेही माहितीये की लोक त्या सभांना का जातात. ज्याच्या वाट्याला जन्मभर नाही नाही आलं त्याला कोणीतरी स्टेजवरून सांगतं की तू राजाचं लेकरू आहेस, तुझं कर्ज फिटेल, तुझा पोरगा लागेल नोकरीला. ऐकून रडू येतं माणसाला. मलाही आलं, पहिल्या दिवशी मी सुद्धा हात वर करून उभा होतो. आपल्या नेहमीच्या उपासनेत कोणी गरिबाच्या कर्जाबद्दल बोलत नाही, त्याच्या गुडघेदुखीसाठी थांबून प्रार्थना करत नाही, म्हणून तो तिकडे जातो. हा दोष आपला आहे आणि तो मान्य केल्याशिवाय नुसतं त्या उपदेशकांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

पण मग आशीर्वादित माणूस कसा दिसतो? पंडिता रमाबाईंकडे बघा. 1858 चा जन्म. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, मोठी बहीण गेली, उपासमारीने. 1880 ला भाऊ गेला. 1882 ला नवरा, लग्नाला पुरी दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात तान्ही मुलगी. आणि शेवटी तीच मुलगी मनोरमा, जी त्यांच्यामागे सगळं काम सांभाळणार होती, ती 1921 ला गेली आणि त्यांना स्वतःच्या हयातीत ते बघावं लागलं. पुढच्या एप्रिलमधे त्या गेल्या. आमच्या सभेतल्या हिशोबाने हे घर शापित म्हणायला पाहिजे, एका मागोमाग एक मरण. पण 1896 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली, केडगावच्या माळावर शेकडोंनी बायकामुली राहिल्या, शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला लागल्या, आणि त्या स्वतः आयुष्याच्या शेवटापर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत शास्त्र आणत राहिल्या. दुष्काळाने जिचं घर खाल्लं तीच दुष्काळातल्या पोरींचं घर झाली. अब्राहामाला जे सांगितलं होतं ते मला इथे दिसतं, तू आशीर्वाद हो. तिने कुठल्या उपाशी मुलीला आधी विचारलं नाही की तुझ्या घरात काय पाप झालं.

देवाचं गौरव हा शब्द त्या तीन दिवसांत किती वेळा आला याची गणतीच नाही. दर साक्षीनंतर, दर देणगीनंतर, टाळ्या आणि गौरव. हिब्रूत गौरवाला कावोद म्हणतात आणि त्याचं मूळ आहे जड असणं, वजन. आपल्या मराठी शब्दाचं पण तेच आहे, गुरु म्हणजे जड, त्यावरून गौरव. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, की भाषांतर करणाऱ्यांच्या हाती किती नेमका शब्द लागला. म्हणजे देवाचं गौरव करणं म्हणजे त्याला वजन देणं, त्याच्या म्हणण्याला आपल्या निर्णयात भार देणं. त्याचा आवाजाशी, लाईटशी काही संबंध नाही. मोशे निर्गम 33 मधे देवाला म्हणतो मला तुझं गौरव दाखव, आणि देव काय म्हणतो? मी माझा सगळा चांगुलपणा तुझ्यापुढून जाऊ देईन. गौरव मागितलं आणि चांगुलपणा दाखवला! आणि योहान 12 मधे येशू म्हणतो आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव व्हायची वेळ आली, आपल्याला वाटतं आता काहीतरी झगमगाट, तर पुढचंच वाक्य आहे गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. बी पेरा बी पेरा म्हणतात ना, ते बी हे आहे. तिथे बी म्हणजे दुसऱ्याच्या कानातली फुलं नाहीत, तो स्वतःला म्हणतोय.

आत्या दवाखान्यात नऊ दिवस होती. मंडळीतल्या दोघी आलटून पालटून रात्री थांबल्या. आणि शेजारच्या भाभी, त्या मुसलमान, त्यांनी रोज एसटीने डबा आणला, ज्वारीची भाकरी, बिनगुळाचं पिठलं, कारण साखर गूळ चालणार नाही हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. माझ्यासाठी वेगळा डबा असायचा. नवव्या दिवशी मी तिकिटाचे पैसे द्यायला गेलो तर त्या रागावल्या. मत्तय 25 मधे उजवीकडचे लोक विचारतात ना, प्रभू, आम्ही तुला आजारी कधी बघितलं, त्यांना माहीतच नसतं. मला दर वेळी आता तिथे भाभींचा डबा आठवतो.

औषधाबद्दल एवढंच की ज्यांना वाटतं सुई घेणं म्हणजे अविश्वास त्यांनी 2 राजे 20 वाचावा. हिज्कीया राजा मरायला टेकलाय, देव स्वतः यशया संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो मी तुला बरं करीन, पंधरा वर्षं वाढवून देतो, आणि मग तोच यशया म्हणतो अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. देवाचं वचन आणि अंजिराचं पोटीस एकाच दमात. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेतात आजारी सोडून पुढे जावं लागतं त्याला, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. याकोबाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करा म्हटलंय, जरूर करा, आत्यासाठी आम्हीही केली. पण औषध सोडा असं त्यात कुठे आहे?

आणि आपलाच इतिहास बघा. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 ला हॉस्पिटल सुरू केलं, तिथे बरे होऊन गेलेल्यांच्या पिढ्या आहेत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड होते, तमिळनाडूत वाढलेला मिशनऱ्यांचा मुलगा. तोपर्यंत लोक समजत होते की महारोगात बोटं आपोआप झडतात, आणि महारोग म्हणजे तर देवाचा शापच म्हणायचे, सगळ्याच धर्मात म्हणायचे. ब्रँडनी बारकाईने बघितलं तेव्हा कळलं की रोग नसा मारतो, दुखणं कळत नाही, म्हणून माणूस तवा तसाच धरतो, खिळा टोचत राहतो, उंदीर कुरतडतो तरी कळत नाही, आणि बोटं जातात ती या जखमांनी. म्हणजे ज्याला शाप म्हणत होते ती वेळेवर न धुतलेली, न बांधलेली जखम होती. पुढे हेच ज्ञान शुगरवाल्यांचे पाय वाचवायला वापरलं गेलं. आत्याच्या चप्पलेतला खिळा आणि हे संशोधन यांच्यात सरळ रेघ आहे. एका ख्रिस्ती डॉक्टरने आयुष्य घालून शोधलं की हा शाप नाही, बधिर झालेला पाय आहे, रोज संध्याकाळी तळवे बघत जा. आणि आम्ही माईकवरून तिला शाप सांगितला.

मंडळीतले काही वडीलधारे मला म्हणाले, तुझं बरोबर आहे पण हे बाहेर बोलू नको, आधीच आपल्या प्रार्थना सभांकडे लोक संशयाने बघतात, त्यांच्या हातात कोलीत कशाला. ही भीती खोटी नाही, मला ती समजते, माझ्याही घरात लेकरं आहेत. पण 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आपण सगळे वाचू शकतो, चमत्काराच्या नावाने पैसे घेणं, लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे आणि त्यात धर्म बघितलेला नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या आत्याचा पाय गेला आणि कुणी तक्रार केली तर आपण काय म्हणणार, आम्हाला माहीत होतं पण बदनामी नको म्हणून गप्प बसलो? पेत्राने लिहिलंय की न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते. देवाच्या घरापासून, म्हणजे आपल्या कमिटीपासून, आपल्या हिशोबाच्या वहीपासून, आपल्या माईकपासून. आणि ते आपण स्वतःहून केलं तर त्यात बदनामी कसली.

म्हणून माझं मीटिंगमधलं मागणं साधं आहे. त्यांना बोलवू नका. ते पैसे यंदा आजारी लोकांच्या नावाने बाजूला काढा. दर महिन्याला एक दिवस उपासनेनंतर मंडळीतल्याच दोन नर्सताई आहेत त्या शुगर आणि बीपी तपासतील, त्या तयार आहेत, मी विचारलंय. प्रार्थना करायची तर खाटेजवळ बसून करा, आधी सात दिवस ईयोबाच्या मित्रांसारखं गप्प बसा. आणि पाळकसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे की एका रविवारी तुम्ही पुलपिटवरून, नाव न घेता पण स्पष्ट शब्दात, आपल्या मंडळीत एका बहिणीला जे सांगितलं गेलं ते चूक होतं एवढं म्हणा. ते फक्त तुम्हीच म्हणू शकता. मी शंभरदा सांगून झालंय, भाच्याचं ती ऐकून घेते आणि हसते.

काल फोन केला होता. म्हणाली मडकं नवीन आणलं, जुन्याला भेग होती, वाळू चाळून भरलीये आणि सकाळीच पाणी घातलं. मग थोडं थांबून विचारलं, मीटिंग किती वाजता आहे रे.